चौथ्या मजल्यावरची ऊब

रेडिएटर वरून कोमट, मधे गार आणि खाली तर अगदी दगड. कापितोलिना फ्योदोरोव्हना, म्हणजे अख्ख्या जिन्याची कापा, सकाळपासून पाचव्यांदा त्याच्यावर तळहात ठेवून बघत होती. जणू मधल्या अर्ध्या तासात त्याला हिची दया येणार होती! बाहेर उणे अठ्ठावीस. आत भिंतीवरचा तापमापक पंधरावर जो बसला होता तो हलायला तयार नव्हता.

पंधरा अंशांत कापा काही मेली नसती. उरलच्या डोंगरात सहासष्ट हिवाळे काढलेली बाई ती, वर आणखी एक स्वेटर चढवला असता आणि गप्प बसली असती. पण शुक्रवारी इंगा येणार होती, तिची एकुलती एक लेक, आणि कुशीत बाळ. दोन महिने आधीच जन्माला आलेलं, महिनाभर इस्पितळाच्या काचेच्या पेटीत वाढलेलं, आत्ता कुठे सव्वादोन किलोला पोचलेलं पोर. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, खोली चोवीस अंश हवी. विजेचा हीटर चालणार नाही, हवा कोरडी पडते. तसाही तो चालला नसताच, कारण लावला की जिन्यातला फ्यूज उडायचा.

"आई, खोली गरम झाली तर तुझ्याकडेच येते," इंगा फोनवर म्हणाली होती. "नाहीतर मग सासूबाईंकडे जाते. त्यांच्याकडे घर तापवायला विटांनी बांधलेली मोठी चूल आहे. त्यांनी पाळणासुद्धा मांडलाय. मला काही हौस नाही गं, पण तुझ्या खोलीत त्याचा जीव नाही धोक्यात घालणार मी."

सासूबाई म्हणजे रेल्वेनं नऊ तास. जावई उत्तरेला तेलाच्या विहिरींवर, दोन-दोन महिने तोंड दिसत नाही. ती बाई एकदा नातवाला छातीशी धरून बसली की वसंत येऊन जाईल, बर्फ वितळेल, पण पोर काही परत यायचं नाही, हे कापाला पक्कं ठाऊक होतं. आणि आज सोमवार होता.

दारावर दोन छोट्या घंटा वाजल्या आणि एक लांब. ही रिम्माची घंटा.

रिम्मा बरोबर वरच्या मजल्यावर राहायची, चौथ्यावर. दोघी बिस्किटांच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर सव्वीस वर्षं उभ्या राहिलेल्या. कापाचा नवरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत हिच्या तोंडात चमच्यानं सूप घालणारी रिम्मा. इंगाला चर्चमधे बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढली तेव्हा तिला हातात घेणारीही रिम्माच, म्हणजे इंगाची धर्माची आई. शिवाय ती जिन्याची प्रमुखबाई. दाराला रंग लावायचा, खालचा दिवा बदलायचा, कचऱ्याची तक्रार करायची, की रिम्मा कागद घेऊन घरोघर सह्यांना फिरायची. कापा त्या कागदांवर पातेल्याचं झाकण खाली घेऊन सही ठोकायची. वाचायचं काय त्यात? रिम्मानं आणलंय ना!

"काय म्हणतोय तुझा मुडदा?" रिम्मा आत येत म्हणाली. अंगावर बकरीच्या लोकरीची राखाडी शाल, नाकापर्यंत ओढलेली. हातात फडक्यात गुंडाळलेले कोबी भरलेले गरम पाव.

"तसाच पडलाय. पंधरा."

"माझ्याकडे तरी काय दिवाळी आहे? रात्री ही शाल अंगावर असते म्हणून जिवंत आहे. तू विणलेली, म्हणून." रिम्मानं शाल आणखी आवळली. "चल ऊठ. रडून खोली गरम होत नसते."

आणि दोघी कामाला लागल्या. खरं सांगायचं तर रिम्माच लागली, कापा तिच्या मागून. रेडिएटरच्या सात बिडाच्या फासळ्या, त्यांच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळ. ती बाटलीच्या ब्रशनं काढली. वर रंगाचे सहा थर होते, दर मे महिन्यात हौसेनं चढवलेले. ते तासणीनं खरवडले. मागच्या भिंतीला चकचकीत पत्रा चिकटवला, म्हणजे ऊब भिंतीत न मुरता खोलीत फिरावी. जमिनीपर्यंतचे जाड पडदे खिडकीच्या कठड्यापाशी कापून टाकले. टोकाची कळ स्क्रूड्रायव्हरनं सैल करून मगमधे काळं पाणी थेंबथेंब काढलं, आत हवा अडकली असेल तर निघून जावी म्हणून. हवा नव्हतीच. शेवटी गुडघे दुखत असताना रिम्मा स्टुलावर चढली आणि ओल्या साबणात बुडवलेल्या कागदी पट्ट्या खिडकीच्या फटींवर एकेक करून चिकटवल्या. वरची छोटी झडपसुद्धा सोडली नाही.

"आता मुंगीच्या श्वासाएवढीही थंडी आत येत नाही बघ," ती स्टुलावरून उतरत म्हणाली.

कापाचे डोळे भरून आले. "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?"

"दुसरी कोणी शोधली असतीस," रिम्मा म्हणाली आणि हसली.

संध्याकाळी तापमापक सोळावर आला. एवढ्या खटाटोपाचा एक अंश! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. पण आग कुठे आहे हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं.

मंगळवारी कापा पाव आणायला उतरली, तर दुसऱ्या मजल्यावर झाखार इलिच दारातच उभे. तिच्या बरोबर खालचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले, एरवी टोपी काढून नमस्कार करणारे. आज टोपी डोक्यावरच राहिली.

"काय कापितोलिना फ्योदोरोव्हना, घाम पुसून उतरलात का? हमामखाना कसा चाललाय?"

"कसला हमामखाना?"

"आता वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. पंधरा फासळ्या बसवल्यात म्हणे रेडिएटरला. सगळं गरम पाणी तुम्ही पिऊन टाकता आणि आमच्याकडे येतं ते तुमचं उष्टं. माझी बायको फरचे बूट घालून झोपते, ठाऊक आहे?"

कापाच्या हातातली पिशवी पडायची राहिली. "पंधरा? मी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"प्रमुखबाईंनी. नाव घेऊ नका म्हणाल्या होत्या, पण मी घेतो. मी काय चोरी केलीय?"

कापानं त्यांचा हात धरला आणि तरातरा वर नेलं. शहात्तर वर्षांच्या माणसाला अक्षरशः फरपटत नेलं म्हणा ना. खोलीत नेऊन रेडिएटरसमोर उभं केलं. "मोजा! मोठ्यानं मोजा!"

झाखार इलिचनी मोजल्या. सात. मग तळहात ठेवला, आणि टोपी काढली. "माफ करा," ते म्हणाले. "पण मग प्रमुखबाई असं का म्हणाल्या?"

"तिला कोणीतरी खोटं सांगितलं असणार," कापा म्हणाली, आणि तिला ते मनापासून खरं वाटत होतं. "तिच्या भोळेपणाचा फायदा घेतात लोक."

दुपारी इमारतीच्या देखभाल ऑफिसातून प्लंबर आला. रिनात नावाचा, तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळत. त्यानं रेडिएटरकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खुर्चीवर चढला आणि छतातून खाली येणाऱ्या पाइपाला हात लावला.

"मावशी, तुमच्या रेडिएटरला सोन्याचा मुलामा दिलात तरी तो तापणार नाही," तो म्हणाला. "तुमच्या इमारतीत गरम पाणी स्वयंपाकघरातल्या पाइपानं पाचव्या मजल्यावर चढतं आणि खोल्यांतल्या पाइपानं मजला-मजला खाली उतरतं. बरोबर? आता हे बघा, तुमच्या घरात शिरतानाच पाणी कोमट आहे. म्हणजे जे काय खाल्लंय ते वरच्यांनी खाल्लंय. पाचव्यावर मी जाऊन आलो, तिथे ठीक आहे. चौथ्यावर कोण?"

"रिम्मा. पण तिच्याकडेही थंडीच आहे रे. बिचारी शाल पांघरून असते."

रिनात बी थुंकायचा थांबला. "दार उघडलं नाही त्यांनी. आतून म्हणाल्या, दुरुस्ती काढलीय, आता जमणार नाही." खुर्चीवरून उतरत तो म्हणाला, "प्रत्येक रेडिएटरच्या शेजारी एक आखूड पाइप असतो, दिसतोय? पाणी थोडं रेडिएटरमधे जातं, बाकीचं त्या आखूड वाटेनं थेट खालच्यांकडे. आता कोणी त्या वाटेवर कॉक बसवला आणि बंद केला, तर सगळंच्या सगळं पाणी त्याच्याच रेडिएटरमधून फिरतं. त्यात फासळ्या वाढवल्या की झालंच. वरच्याची मजा, खालच्यांच्या नशिबी बर्फ. आम्हाला असे चोर दर हिवाळ्यात भेटतात."

"रिम्मा तसली नाही," कापा म्हणाली.

"मी कुठे नाव घेतलं?" रिनातनं पिशवी उचलली. "एकदा मागच्या बाजूला जाऊन या मावशी. नुसतं वर बघा."

खोल्यांच्या खिडक्या मागे होत्या, गॅरेजांच्या बाजूला. हिवाळ्यात तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कापा गुडघाभर बर्फातून गेली, रिम्मावरचा आळ खोटा ठरवायलाच गेली म्हणा. मान वर केली. पाचव्या मजल्याची खिडकी बंद. तिची स्वतःची, तिसऱ्यावरची, साबणाच्या पट्ट्यांनी लिंपलेली. आणि त्या दोहोंच्या मधे, चौथ्यावर, रिम्माची झडप सताड उघडी. उणे अठ्ठावीसमधे! आतून वाफेचे लोट बाहेर येत होते आणि कठड्यावर तीन चिमण्या फुगून ऊब घेत बसल्या होत्या.

कापा तिथेच उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. पायांची बोटं बधिर झाली तेव्हा तिला कळलं की आपण अजून वरच बघतोय.

कालच त्याच बाईनं स्टुलावर चढून हिची झडप बंद केली होती.

चौथ्या मजल्यावर तिनं घंटा वाजवली, दोन छोट्या आणि एक लांब. आतून "आले, आले!" आणि मग जरा वेळ गेला. दार उघडलं. रिम्मा एका हातानं शाल खांद्यावर ओढत होती. आत बिनबाह्यांचा सुती झगा, कपाळावर घाम. दाराशेजारची खुंटी अजून हलत होती. शाल तिथे टांगलेली असायची, खाली येताना अंगावर घ्यायला.

"चल, स्वयंपाकघरात बस, चहा ठेवते," रिम्मा म्हणाली.

चाळीस वर्षं बसणं व्हायचं ते स्वयंपाकघरातच. गेल्या उन्हाळ्यापासून आपण हिची आतली खोली पाहिली नाही, हे कापाच्या आता ध्यानात आलं. तिनं रिम्माला बाजूला सारलं आणि आत गेली.

तोंडावर ऊब आदळली. खिडकीशी कुंड्यांत लिंबाची चार झाडं, फुलांनी लगडलेली. त्यांच्याखाली नवाकोरा पांढरा रेडिएटर भिंतभर पसरलेला. कापानं मोजल्या. सोळा फासळ्या. आणि शेजारच्या आखूड पाइपावर लाल मुठीचा कॉक, आडवा, बंद.

"कापा, ऐक..."

"पत्रा चिकटवलास माझ्याकडे," कापा म्हणाली. "पडदे कापलेस. साबणाच्या पट्ट्या लावल्यास, स्टुलावर उभी राहून. ही मूठ फिरवायला किती वेळ लागला असता गं तुला?"

"माझे गुडघे... तुला माहीत आहे माझे गुडघे. डॉक्टर म्हणाला ऊब हवी. मला वाटलं, एखाद-दुसऱ्या अंशानं खालच्यांचं काय बिघडतं? आणि तू थंडीला कधी भ्यालीस? तू तर बर्फात अंघोळ करणारी."

"आणि झाखार इलिचना काय सांगितलंस? पंधरा फासळ्या?"

रिम्मा पलंगावर बसली. "तो अंगावर धावून आला. काय सांगणार होते? तोंडात तुझं नाव आलं. तू सहन केलं असतंस. तू सगळं सहन करतेस."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या कापानं, पण चोरानं आपल्याच गळ्यात पडून रडावं, हे नवीन होतं. "मी ऑफिसात जाते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जाते."

तेव्हा रिम्मा उठली, कपाटातून एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "नवा रेडिएटर आणि कॉक बसवायला आपल्या पाइपावरच्या सगळ्यांची संमती आहे. जूनमधे घेतली. पहिली सही तुझीच आहे."

होती. ठसठशीत, लपेटीदार, खाली पातेल्याच्या झाकणाचा गोल डाग. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि शेताच्या धन्यानं वर सही करून दिली होती.

"झाखार इलिचचीही घेतलीस?"

"जिन्याचा रंग म्हणून सांगितलं," रिम्मा पुटपुटली. मग तिनं एकदम कापाचे दोन्ही हात धरले. "मी उघडते. बघ, तुझ्यासमोर उघडते. इंगासाठी, बाळासाठी. माझं नातवंडच आहे ते. फक्त जिन्यात बोलू नकोस. मला लोक जगू देणार नाहीत. तुझ्या गळ्याची शपथ, पुन्हा हात लावणार नाही." आणि तिनं मूठ उभी केली. पाव फेरा. पाइपात पाणी कुजबुजल्यासारखं झालं.

कापा खाली आली तोवर रेडिएटर तापायला लागला होता. रात्री एकोणीस, बुधवारी बावीस, गुरुवारी चोवीस. झाखार इलिच टोपी काढून दारात आले. "आमच्याकडेही ऊब आली हो! कोण होता चोर, सापडला का?"

"चोर कसला? पाइपात हवा होती," कापा म्हणाली. रिम्मासाठी ती खोटं बोलली. चाळीस वर्षं काही एका मंगळवारी टाकून देता येत नाहीत.

शुक्रवारी इंगा आली. बाळ म्हणजे मूठभर लाल तोंड आणि केवढा तो आवाज! डॉक्टरीणबाई येऊन तापमापक बघून गेल्या, मान डोलावून गेल्या. इंगानं सासूला फोन केला, पाळणा आवरून ठेवा म्हणाली. कापा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली, सुखानं रडली. वरून रिम्मानं गाजराचे पाव पाठवले. कापानं ते खाल्ले नाहीत, पण टाकलेही नाहीत.

सोमवारी सकाळी बाळ रडेना. नुसतं कण्हत होतं. इंगानं त्याचे पाय हातात घेतले आणि किंचाळली, "आई, किती गार पडलेत हे!"

कापानं रेडिएटरवर हात ठेवला. वरून कोमट, मधे गार, खाली दगड. तापमापक अठरा.

"तो चालतच नाही ना नीट?" इंगा बाळाला स्वेटरच्या आत, थेट उघड्या अंगाला लावत होती. "मला वाटलंच होतं. संध्याकाळची गाडी आहे. मी सासूबाईंना कळवते."

"अर्धा तास," कापा म्हणाली. "मला फक्त अर्धा तास दे."

ती आधी खाली गेली. "झाखार इलिच, पाना घ्या आणि चला. चोर दाखवते. पाइपात हवा नव्हती, मी खोटं बोलले तुमच्याशी."

रिम्मानं दार उघडलं, तेव्हा शाल घ्यायलाही तिला सवड मिळाली नाही. झाखार इलिचना बघून तिचा चेहरा पडला. "अगं, फक्त थोडा वेळ बंद केला होता! लिंबाची फुलं गळायला लागली होती, सगळा बहर जात होता. आत्ता उघडणारच होते, देवाशप्पथ..."

"फुलं," कापा म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस तू. लिंबाच्या फुलांवरून ओवाळून टाकलंस मला!"

ती खोलीत गेली, मूठ उभी केली. पाइपात पाणी कुजबुजलं. मग पाना घेऊन मूठ धरून ठेवणारी चाकी सोडवायला लागली. पाना दोनदा निसटला. झाखार इलिच पुढे झाले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. चाकी निघाली. लाल मूठ तिनं ओढून काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

"म्हणजे आता तुझा माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" रिम्मा रडत म्हणाली.

"सगळा होता," कापा म्हणाली. "म्हणून तर वाचलं नाही मी."

दाराशी खुंटीवर शाल होती. कापानं ती विणायला एक अख्खा हिवाळा घातला होता, रिम्माच्या साठीला. तिनं ती उतरवली. "ही इथे कशाला? तुला तर घाम येतो," ती म्हणाली आणि शाल घेऊन जिना उतरली.

दुपारपर्यंत खोली तेवीस झाली. इंगानं बाळाला शालीत गुंडाळलं, त्याच्या गालाला पुन्हा रंग आला होता. संध्याकाळच्या गाडीचं तिनं नाव काढलं नाही.

"ही रिम्मामावशीची शाल ना?" तिनं विचारलं.

"मी विणलेली आहे."

तेवढ्यात घंटा वाजली. दोन छोट्या, एक लांब. इंगाचा चेहरा खुलला. "मावशीच! मघापासून म्हणतेय, अजून बाळ बघायला कशी आली नाही?" आणि ती उठायला लागली.

कापानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं. घंटा पुन्हा वाजली, तशीच.

"बस तू," कापा म्हणाली. "दार उघडू नकोस. बाळाला वारा लागतो."